नर्मदाकाठचा हिशेब जुळेना

परिक्रमा करून आलेला माणूस घरी परतला की त्याच्याभोवती माणसे जमतात आणि तो जे सांगतो ते सारे गोड असते. पहाटेचे धुके, घाटावरचे दिवे, वाळूतली पाऊलवाट, ‘नर्मदे हर’ अशी हाक घालून चहा पाजणारी खेडूत माणसे! ऐकणाऱ्याला वाटते, उद्याच झोळी उचलावी आणि निघावे. मीही असाच निघालो होतो. परंतु नरकचतुर्दशीला आपण आधी पायाखाली कारीट फोडतो आणि मगच फराळाला बसतो. त्याच न्यायाने आज मी वाचकांना या प्रवासातले जे मला आवडले नाही तेवढेच सांगणार आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती सांगतो. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि सुमारे १३१२ किलोमीटर वाहून गुजरातेत भरूचच्या पुढे समुद्राला मिळते. नदी सतत उजव्या हाताला ठेवून तिच्या दोन्ही काठांनी फिरून यावयाचे, ही परिक्रमा. वाटेत नदी ओलांडावयाची नाही. फक्त समुद्राजवळ नावेतून पलीकडच्या काठाला जावयाचे. जुन्या रीतीप्रमाणे याला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागत. आता पुष्कळजण चारसहा महिन्यांत पुरी करतात. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ती तुकड्यातुकड्यांनी चालावयास घेतली. मी तर एकसष्ट वर्षांचा, हिशेब खात्यातून निवृत्त झालेला माणूस. तेव्हा मीही टप्पे पाडले. पहिला टप्पा ओंकारेश्वर ते समुद्र. २०२३ च्या कार्तिकात निघालो. सोबतीला आमचे शेजारी, निवृत्त ड्रॉइंग मास्तर.

पहिली तक्रार अर्थातच पायांची. बूट मी नवे कोरे आणि अगदी मापाचे घेतले होते. मापाचे बूट हीच चूक! दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालले की पाऊल सुजते आणि सकाळी मापाचा असलेला बूट दुपारी सावकाराप्रमाणे आवळू लागतो. त्यात घामाचा ओलावा आणि घर्षण. कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी भरते, तोच फोड. तिसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही पायांचे मिळून सात फोड झाले. एका आश्रमातल्या म्हाताऱ्या बाईंनी सुईत दोरा ओवून तो फोडातून पार नेला आणि तसाच ठेवला, म्हणजे पाणी झिरपत राहते. वारकरीही हेच करतात. पुढे भेटलेले डॉक्टर मात्र रागावले. दोऱ्यावाटे घाण आत जाते, म्हणाले; फोडावयाचाच तर सुई नीट निर्जंतुक करून कडेला टोचावी आणि वरची कातडी काढू नये. बडवानीला पोचेपर्यंत उजव्या अंगठ्याचे नख काळे पडून गळाले होते.

दुसरी तक्रार रात्रीची. आश्रमाच्या ओवरीत वीस-बावीस माणसे ओळीने झोपतात. त्यांतली निम्मी घोरतात, आणि उरलेली निम्मी ते ऐकत जागी असतात. मी दुसऱ्या वर्गात होतो. घोंगडीला आपल्या आधी पांघरणाऱ्या सर्वांचा वास असतो. डोळा लागतो न लागतो तोच पहाटे चार वाजता कोणी शंख फुंकतो. मग डिसेंबरच्या थंडीत लोटा घेऊन अंधारात शेताकडे जाणे आणि त्यानंतर नदीत स्नान. पहिल्या बुडीला तोंडातून देवाचे नाव निघते, ते भक्तीने नव्हे!

तिसरी तक्रार रस्त्याची. नदीकाठाने चालावयाचे अशी आपली कल्पना असते. परंतु धरणांमुळे जुनी काठाची वाट पुष्कळ ठिकाणी पाण्याखाली गेली आहे. सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटर आहे. २०१९ च्या सप्टेंबरात ते प्रथमच काठोकाठ भरले आणि बडवानीजवळचा जुना राजघाट पाण्यात गेला. त्यामुळे परिक्रमावासी अनेक दिवस डांबरी रस्त्याने, कापसाच्या आणि उसाच्या गाड्यांच्या धुळीतून चालतो. नदी कुठेतरी उजवीकडे आहे, एवढ्यावर विश्वास ठेवावयाचा. त्यात पुढचे गाव किती लांब, असे कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले: “बस, दो किलोमीटर, बाबाजी.” तासाभराने पुढच्या माणसाला विचारावे, तर तोही म्हणतो, “बस, दो किलोमीटर.” त्यांचा हेतू चांगला असतो. दमलेल्या माणसाला खरा आकडा कसा सांगावा, असे त्यांना वाटत असणार. पण जन्मभर आकड्यांशी व्यवहार केलेल्या माझ्यासारख्याला हे फार लागे.

चौथी तक्रार सोबतीची. घरी आमचे आणि मास्तरांचे वीस वर्षांत वाकडे आले नव्हते. येथे दहाव्या दिवशी आले, आणि कशावरून? तर त्यांच्या काठीवरून. काठीच्या टोकाला लोखंडी टोपण होते, ते डांबरावर टकटक वाजे. पहिल्या दिवशी मला त्यात ताल वाटला. दहाव्या दिवशी मी ओरडलो, “मास्तर, ती काठी जरा उचलून धरा ना!” ते काही बोलले नाहीत. त्यांनी काठी खांद्यावर टाकली आणि शंभर पावले पुढे चालू लागले. संध्याकाळपर्यंत अबोला. रात्री मात्र त्यांनी न बोलता माझा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी बदलली. मला फार ओशाळे वाटले. लांबच्या चालीत माणसाचा स्वभाव कातडीआधी सोलला जातो, हे खरे.

परंतु या सर्व तक्रारींना औषध आहे. पाचवीला मला औषध सापडले नाही. ती सांगण्यासाठीच हा लेख.

परिक्रमेत माणूस जे मिळेल त्यावर राहतो. आश्रमात जेवण मिळते किंवा सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा मिळतो. त्याचे टिक्कड आपण भाजून घ्यावयाचे. वाटेत कोणी चहा पाजतो, कोणी केळी हातात ठेवतो, वर आपल्याच पाया पडतो. मास्तर हे सारे मजेत घेत. मला मात्र घास गिळवत नसे. वाचकहो, आपणा मध्यमवर्गीयांची रीत तुम्हांला ठाऊकच आहे. शेजारून वाटीभर आमटी आली तर ती वाटी रिकामी परत जात नाही. काही नसले तर चिमूटभर साखर घालून जाते. आज तुमच्या घरी फराळाची ताटे आली असतील आणि तुमच्या घरून परतही गेली असतील. याच रीतीत वाढलेला मी, दिवसातून पाच वेळा हात पुढे करीत होतो!

म्हणून मी एक वही ठेवली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेला लिही: चहा तीन, टिक्कड चार, केळी दोन, रात्रीचा आसरा एक. नावे बाजूला डॉक्टरांचे ऐंशी रुपये आणि एक साबणाची वडी. मनात असे की, घरी गेल्यावर सर्वांची किंमत काढून ती कोठेतरी देणगी देऊन टाकावी आणि खाते बंद करावे. एवढा विचार केला की जेवण जात असे.

पुढे शूलपाणीची झाडी लागली. या झाडीत पूर्वी परिक्रमावासींना लुटून लंगोटीवर सोडीत, अशा कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. आता तसे राहिलेले नाही, असे सर्वांनी सांगितले होते. तरी मी नोटा मोज्यात लपवून मगच डोंगर चढलो. ही वाट आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून जाते. सरदार सरोवरात महाराष्ट्राची जी ३३ गावे बाधित झाली, ती येथलीच, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली.

धडगावच्या अलीकडे अंधार पडला आणि आम्ही एका भिल्ल आजींच्या झोपडीत थांबलो. त्यांची खालची शेते पाण्यात गेलेली. वर उतारावर थोडा मका होता. मुलगा आणि सून ऊसतोडीला गुजरातेत गेली होती. घरात आजी आणि आश्रमशाळेतून सुटीत आलेला बारा वर्षांचा नातू. आजींनी मक्याच्या चार भाकरी थापल्या. त्यांतल्या तीन आम्हां दोघांना वाढल्या, सोबत उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा. चौथी त्या दोघांनी वाटून घेतली. ते मी पाहिले, आणि पाहूनही जेवलो, कारण भूक होती.

रात्री विजेरीच्या उजेडात वही उघडली. ‘भाकरी दीड’ असे लिहिले आणि पुढे किंमत घालवेना. पहाटे निघताना मी शंभराची नोट ताटाखाली सरकवली. आता हलके वाटेल, असे वाटले होते. वाटलेही, चढाच्या निम्म्यापर्यंत. मागून हाक आली. तो पोरगा अनवाणी धावत, धापा टाकीत येत होता. त्याने नोट पुढे केली आणि शाळेतल्या मराठीत म्हणाला, “बाबा, तुमचे पैसे राहिले.”

त्याला वाटले, मी ती विसरलो. मोबदला म्हणून ठेवली असेल, हे त्या घराच्या मनातच आले नव्हते. मी काय बोलणार? नोट घेतली. ज्या झाडीत लुटतात म्हणून मी पैसे मोज्यात दडविले, त्या झाडीने माझे पैसे डोंगर चढून आणून दिले. उरलेला चढ मला फार कठीण गेला, आणि त्याचा पायांशी संबंध नव्हता.

पुढचे थोडक्यात सांगतो. अंकलेश्वरला आलो तेव्हा पलीकडे भरूच होते आणि मध्ये १८८१ चा जुना पूल. काही मिनिटांचे काम! पण तो आमच्यासाठी नाही. आम्ही समुद्राकडे कठपोरला गेलो, भरतीची वाट पाहत दोन दिवस बसलो आणि दाटीवाटीने भरलेल्या नावेतून, डिझेलच्या वासाने कासावीस होत, मिठी तलाईला उतरलो. एकतीस दिवस झाले होते.

घरी आल्यावर सौ.ने ती वही पाहिली. “अहो, शिल्लक ओढलेली नाही,” ती म्हणाली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असे माझ्या हातून कधी झाले नव्हते. मी एका संस्थेला देणगी पाठविली. पावती आली, ती वहीत लावूनही ठेवली. पण ‘भाकरी दीड’ या ओळीपुढचा रकाना अजून कोरा आहे.

अंगठ्याला नवे नख पुरे यावयास वर्ष उलटून गेले. आता या कार्तिकात मिठी तलाईहून पुढे निघावयाचे आहे. बूट एक नंबर मोठे घेतले आहेत. मास्तरांनी, मी न सांगता, काठीला रबरी टोपण बसविले आहे. वही बरोबर घ्यावी की नाही, एवढे मात्र अजून ठरत नाही.