हाडांचे पोते आणि तराजू

१९९६-९७ च्या सुमाराचे काबूल. दफनभूमीत काही मुले जमीन उकरीत असत. शोध असे तो हाडांचा. भरलेले पोते पाठीवर घेऊन ती भंगारवाल्याकडे जात. जनावरांच्या हाडांत माणसांचीही हाडे मिसळलेली असत. तराजू दोहोंचे वजन सारखेच दाखवी. मिळालेल्या पैशांतून घरी रोटी जाई. पुढे ही हाडे सीमेपलीकडे पाकिस्तानात जात.

या मुलांवर ही वेळ कशी आली? १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि १९८९ च्या फेब्रुवारीत परतल्या. १९९२ मध्ये नजीबुल्ला यांचे सरकार कोसळले. त्यानंतर मुजाहिदीन गटांच्या आपसांतील लढाईत काबूलचा पश्चिम भाग रॉकेटांच्या माऱ्याने उद्ध्वस्त झाला. हजारो कुटुंबांचा कर्ता पुरुष गेला. २७ सप्टेंबर १९९६ रोजी तालिबानने शहर ताब्यात घेतले आणि स्त्रियांना घराबाहेर काम करण्यास बंदी केली. ज्या विधवा मातेच्या कमाईवर चूल पेटत होती, तिचे हातच बांधले गेले. घरात मिळवता उरला तो दहा-बारा वर्षांचा मुलगा. जमिनीत जागोजागी सुरुंग पेरलेले होते. त्यामुळे भंगार वेचणाऱ्या मुलाचे प्रत्येक पाऊल जिवावरचे होते.

मृतांचा आदर इस्लाममध्ये पवित्र मानला जातो. ती मुलेही त्याच संस्कारांत वाढलेली होती. तरीही भुकेने त्यांच्या हाती फावडे दिले. त्यांना दोष कोण देईल?

प्रश्न उरतो तो तराजू धरणाऱ्याचा. मुलाने उकरले, भंगारवाल्याने तोलले, वाहनवाल्याने वाहिले, कारखानदाराने दळले आणि दूरच्या ग्राहकाने वस्तू वापरली. हाडांपासून सरस, जिलेटिन, खत आणि कोंबड्यांचे खाद्य बनते. ग्राहकापर्यंत माल पोहोचतो, तेव्हा त्यावर ना कबरीची माती असते, ना बालकाच्या बोटांची खूण.

आपल्या आचार्यांनी श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते. दात, हाडे, शिंगे अशा प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार त्यात मोडतो. चोरून आणलेला माल घेणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्ही वाटांनी कर्मबंध होतो, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्वस्त मालाचा उगम न विचारता केलेली खरेदी अनुमोदनापासून कितीशी दूर राहते?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९९ मध्ये बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्ध १८२ क्रमांकाचा करार केला. भारताने तो २०१७ मध्ये स्वीकारला आणि २०२० मध्ये संघटनेच्या सर्व सदस्य राष्ट्रांची त्यास मान्यता मिळाली. तरीही जेथे युद्ध पेटते, तेथे घरचा भार लहानग्यांच्या खांद्यावर येतोच. कायदा पेढीच्या दारापर्यंत येतो. आत काय तोलले जावे, हे व्यापाऱ्याचा विवेकच ठरवतो.

जीवदयेसाठी आपले हात सढळ आहेत. पांजरपोळाच्या पावत्या आपण श्रद्धेने फाडतो. त्याच अनुकंपेने माल पुरवणाऱ्याला एक प्रश्न विचारावा : हा माल कोणाच्या हातून आला? उत्तर मिळेपर्यंत सौदा थांबवला, तर नफ्यात थोडी घट येईल. व्रताच्या खात्यात मात्र ती जमेच्या बाजूलाच लिहिली जाईल.