बातमीच्या वेगाला बांध

वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. एका इमारतीत चार मजले, मजल्यावर वीस खोल्या आणि मधून जाणारी एकच मार्गिका. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांत खासगीपण कोणाला फारसे लाभले नाही. परंतु बातमी आणणारा कोण, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे आणि संशय आल्यास दार ठोठावून त्याला जाब विचारता येई. ओळखीच्या चेहऱ्यांनी शांततेची हमी दिली, असे मात्र नव्हे. जानेवारी १९७४ ची दंगल याच वस्तीत झाली. तरीही सांगणाऱ्यावर सांगितल्याची जबाबदारी राही. भ्रमणध्वनीवरून छायाचित्रांची आणि चित्रफितींची देवघेव सुरू झाली, तेव्हा नेमकी तीच गळून पडली.

त्याची किंमत धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मोजली गेली. १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्या वर्षी देशात अनेक ठिकाणी फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील जनजागृतीपटाची होती. उलगडा करणारा तिचा शेवट तेवढा कापलेला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक चाचणी सुरू केली. आलेला संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, असे ठरले. चित्रफितींशेजारचे झटपट पुढे धाडण्याचे बटणही काढण्यात आले. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली आणि अशा संदेशांचा प्रसार सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले.

उपाय योग्यच होता. पण क्रम उलटा होता. औषध बाजारात येण्यापूर्वी तपासले जाते. येथे वेग आधी खुला झाला आणि त्याला आवर घालण्याची चाचणी माणसे मेल्यानंतर झाली. शिवाय पाचाची मर्यादाही वाटते तेवढी लहान नाही. प्रत्येकाने पाच जणांस पाठविले, तर सहाव्या टप्प्याला संदेश १५,६२५ जणांच्या हाती पडतो. वरळीच्या १२१ चाळींतील सर्व खोल्या मिळूनही तेवढ्या भरत नाहीत.

मर्यादा विचाराला अवधी देते, विचार देत नाही. तो शिकवावा लागतो. हे कोणी सांगितले, कोठले आहे, केव्हाचे आहे, हे तीन प्रश्न शाळेत इतिहासाच्या तासाला विचारले जातात. हाती आलेल्या चित्रफितीलाही तेच विचारले पाहिजेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर मोठे झाले, ही आनंदाचीच गोष्ट होय. मात्र बंद दारांच्या उंच इमारतीत सांगणाऱ्याचा चेहरा दिसेलच, असे नाही. तेथे बातमीची शहानिशा ज्याची त्यालाच करावी लागेल. कारण तिच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला परका भिक्षेकरी स्वतःची बाजू मांडायला कधीच वेळेवर पोहोचत नाही.