कान आधी, जीभ नंतर

अठराव्या शतकात पवारांसोबत मराठी माळव्यात धार आणि देवास येथे स्थिरावली. मांडूही पुढे धार संस्थानातच होते. तेथील मराठी घरांतील मूल घरी 'वेळ' ऐकते. शाळेतील प्रमाण हिंदीत मात्र 'ळ' नाही. गोव्यात मराठी व कोकणी या दोन्ही भाषांतून 'ळ' सतत कानी पडतो. माळव्यात तो भार घरावरच येतो.

'ल' उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकते. 'ळ'साठी ते मागे वळून टाळूला लागते. 'माझा' म्हणताना 'झ' दंततालव्य असतो, 'माझी' म्हणताना तालव्य.

जिभेवरचा हा ताबा बालकांना हळूहळू येतो. म्हणून 'काका'चे 'ताता' आणि 'राम'चा 'लाम' होतो. मात्र मोठ्यांनी मुद्दाम 'लाम' म्हटले, तर तेच मूल अनेकदा हरकत घेते. त्याच्या कानाला भेद कळलेला असतो.

प्रौढांची अडचण उलट असते. त्यांची जीभ समर्थ असते, पण कान मातृभाषेच्या चौकटीत बसलेला असतो. कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये दाखवले, की इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतील 'त' आणि 'ट' वेगळे ओळखतात. वर्षाच्या सुमारास ती क्षमता बरीच ओसरते.

त्यामुळे 'वेल' म्हणणाऱ्या बालकाला हसू वा रागावू नये. 'वेळ' हा शब्द सहज संभाषणात पुनःपुन्हा ऐकवावा. मूल आवाजाला प्रतिसादच देत नसेल, तर मात्र श्रवणतपासणी लांबवू नये.