शेजारच्या सीटवरचा 'तो'

दिवाळीची सुट्टी लागलीये. मेसला कुलूप, हॉस्टेल रिकामं आणि तुम्ही एसटी स्टँडवर. बस लागते, खिडकीतून रुमाल टाकून तुम्ही जागा पकडता, कानात हेडफोन घालता. आणि शेजारी येऊन बसतो 'तो'. आधी बूट काढतो, मग डबा उघडतो आणि विचारतो, "काय, कुठले तुम्ही?" पुढचे आठ तास हेडफोनचा काही उपयोग नाही, हे तुम्हाला कळून चुकतं.

हा माणूस ज्यांना कधीच भेटला नाही त्यांनी हात वर करा. कुणीच नाही ना? मग या सुट्टीत 'प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाईल्स' बघाच. सिनेमा १९८७चा, लेखक-दिग्दर्शक जॉन ह्यूज. हो, तुमच्या लाडक्या 'होम अलोन'चा लेखक तोच!

गोष्ट अगदी साधी. आपल्याला दिवाळीत घरी पोचायचंच असतं, तसं अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला. नील (स्टीव्ह मार्टिन) हा टापटीप, चिडका जाहिरातवाला न्यूयॉर्कहून शिकागोला घरी निघालाय. दोन-अडीच तासांचं विमान. पण शिकागोत बर्फ पडतो, विमान भलतीकडेच, कॅन्सासमधल्या विचिटाला उतरतं आणि नीलच्या गळ्यात पडतो डेल (जॉन कँडी). डेल बाथरूमच्या पडद्याच्या कड्या विकतो. अखंड बोलतो. सोबत एक भलीमोठी ट्रंक.

मग जे काय होतं, विचारू नका! एका खोलीत एकच बेड, रात्री पैशांची चोरी, वाटेत बंद पडलेली ट्रेन, जळून खाक झालेली गाडी. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर नील जेमतेम मिनिटभर तीच ती शिवी इतक्या वेळा देतो की, सिनेमाला मोठ्यांसाठीचं 'आर' रेटिंग मिळालं. त्यामुळे हॉलमध्ये आजीसोबत बघताना रिमोट हातात ठेवा.

पण मला सिनेमा आवडला तो वेगळ्याच सीनमुळे. मोटेलच्या खोलीत नीलचा बांध फुटतो. तुझ्या गोष्टींना ना शेंडा ना बुडखा, असं तो डेलला तोंडावर सुनावतो. आपण हसत असतो. कॅमेरा डेलच्या चेहऱ्यावर जातो आणि आपलं हसू घशातच अडकतं. डेल उलट शिव्या देत नाही. मी आहे हा असा आहे, एवढंच शांतपणे सांगतो.

तो सीन बघताना मला गेल्या दिवाळीतले एक काका आठवले. गावापर्यंत माझ्या शेजारी होते. मुलीच्या लग्नाचे फोटो, गुडघेदुखी, सोयाबीनचा भाव, सगळं सांगून झालं. शेवटी मी म्हटलं, "काका, मला झोपायचंय हो," आणि खिडकीकडे तोंड केलं. ते लगेच गप्प झाले. पहाटे कंडक्टरने हलवून उठवलं, तेव्हा शेजारची सीट रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "काका मागेच उतरले. पोराला झोप लागलीये, त्याचा स्टॉप चुकवू नका म्हणाले." मांडीवर चिवड्याची पुडी होती. आठ तासांत मी त्यांना साधं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

डेल एवढी मोठी ट्रंक घेऊन का फिरतो, याचं उत्तर सिनेमाच्या अगदी शेवटी मिळतं. ते मी सांगणार नाही. जॉन कँडी १९९४मध्ये, वयाच्या अवघ्या ४३व्या वर्षी गेला. पण 'होम अलोन'मध्ये केविनच्या आईला आपल्या व्हॅनमधून घरी सोडणारा बडबड्या बँडवाला आठवतो? तोही कँडीच. ह्यूजच्या सिनेमांत लोकांना घरी पोचवायचं काम जणू त्याच्याकडेच होतं!

तर, यंदा एसटीत हेडफोन घालायला हरकत नाही. फक्त एक करा. घालण्याआधी शेजारच्याला नाव तेवढं विचारा.