पाटी तीच, टोनी दुसरा

हॉवर्ड हॉक्सच्या 1932च्या ‘स्कारफेस’ या सिनेमात गुंड टोनीच्या खिडकीबाहेर एका प्रवासी कंपनीची विजेची पाटी लुकलुकते: जग तुमचंच आहे. शेवटी टोनी रस्त्यात मरून पडतो आणि वर पाटी आपली चालूच. ब्रायन द पाल्मानं 1983मध्ये हीच अक्षरं मायामीच्या आभाळात, जाहिरातीच्या अजस्र हवाई फुग्यावर आणली. अल पचिनोचा टोनी मोंटाना ती टक लावून बघतो. आणि शेवटी हेच शब्द मिरवणाऱ्या पृथ्वीगोलाखाली, स्वतःच्याच बंगल्यातल्या हौदात पालथा पडतो.

1994मध्ये न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या सरकारी चाळींतून आलेल्या 20 वर्षांच्या रॅपर नासनं तेच शब्द गाण्याचं नाव म्हणून घेतले.

एव्हाना द पाल्माचा सिनेमा रॅपवाल्यांना तोंडपाठ होता. ह्यूस्टनच्या ब्रॅड जॉर्डननं तर ‘स्कारफेस’ हेच नाव लावलं. नोटोरियस बी.आय.जी. स्वतःला ‘किंग ऑफ न्यूयॉर्क’ सिनेमातला फ्रँक व्हाइट म्हणवायचा. जे-झीचा 1996चा पहिला अल्बम सुरू होतो तोच टोनीच्या संवादांच्या नकलेनं. साहजिकच होतं. मोंटाना क्यूबाहून आलेला निर्वासित, हॉटेलात भांडी विसळणारा. खिशात दमडी नाही, ओळख नाही, आहे ती फक्त जीभ आणि जिगर. क्रॅक कोकेनच्या काळात वाढलेल्या पोरांना तो परका वाटेलच कशाला?

सिनेमा काय, रॅप काय, पाठीमागे लागणारेही सारखेच. 1932मध्ये सेन्सॉरपायी टोनीला फासावर चढवणारा वेगळा शेवट चित्रित करावा लागला; 1989मध्ये एन.डब्ल्यू.ए. या रॅपगटाच्या एका गाण्यावरून त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला एफबीआयचं पत्र आलं.

फरक आहे तो लांबीचा. पावणेतीन तासांच्या सिनेमाला चढण आणि उतरण दोन्ही दाखवता येतात. चार मिनिटांचं गाणं बहुतेकदा चढणीवरच, गाड्या-साखळ्या मोजत थांबतं. मला म्हणूनच जॉर्डनच्याच गेटो बॉइज या गटाचं 1991चं ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी’ सगळ्यांत वरचं वाटतं. झोप उडालेला, सावलीलाही बिचकणारा माणूस त्यात आहे. मोंटानाचा उत्तरार्ध ऐकला तो त्यांनीच.

पुढे ‘स्कारफेस’ पुन्हा प्रदर्शित करताना जॉर्जो मोरोडरचं संगीत काढून रॅप घालावं, असं युनिव्हर्सल स्टुडिओच्या मनात आलं. द पाल्मानं साफ नकार दिला. संगीत मोरोडरचंच राहिलं.