कॅसेटींतील गाण्यांचे दफ्तर संगणकावर उतरवताना

आपल्या छत्रपती संभाजीनगरात वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे प्रभृती लोकगायकांची गाणी ज्या कॅसेटींनी घरोघरी पोहोचवली, त्या कॅसेटी आज अनेक कपाटांत पडून आहेत. आणि त्यांतील जी ध्वनिमुद्रणे अन्यत्र कोठेच उपलब्ध नाहीत, त्यांच्या जतनाची तजवीज आताच करावयास हवी.

फिलिप्सने १९६३ मध्ये प्रचारात आणलेल्या या कॅसेटीची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असून ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. म्हणून कॅसेट-डेकच्या हेडवर साचलेली किंचित धूळही स्वर मंद करते. प्रथम आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसावे, फितीमागील नमद्याची गादी निखळली नसल्याची खातरजमा करावी, फीत एकवार शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी, आणि मगच डेकच्या ‘लाइन आउट’मधून ध्वनी संगणकात घ्यावा. ९० मिनिटांची फीत ६० मिनिटांच्या फितीहून पातळ असते, तेव्हा ती विशेष जपून चालवावी.

मूळ प्रत ‘वेव्ह’ स्वरूपात, २४ बिट व ४८ किलोहर्ट्झवर ठेवावी. तासाला सुमारे एक जीबी जागा लागते. एमपी३ केवळ ऐकण्यासाठी. वेष्टनावरील गायक, कवी, वादक यांच्या नावांचे छायाचित्र घेऊन ते त्याच फोल्डरमध्ये दाखल करावे, कारण नावाविना उरलेले गाणे हा अपुरा दस्तऐवज होय. दुसरी प्रत निराळ्या घरी ठेवावी, आणि मूळ कॅसेट कदापि टाकू नये.