चित्रफलकाची दुसरी बाजू

चित्रकाराच्या जीवनावर चित्रपट काढावयाचा म्हटला की त्याच्या रंगांपेक्षा त्याच्या प्रेरणामूर्तींकडेच दिग्दर्शकाचे लक्ष आधी जाते. केतन मेहता यांचा ‘रंगरसिया’ याला अपवाद नाही. रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट २००८ साली परदेशात दाखविला गेला. भारतात प्रदर्शित होण्यास मात्र २०१४ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. अश्लीलतेच्या आरोपावरून चित्रकाराला न्यायालयात उभे करणाऱ्या चित्रपटालाच इतकी वर्षे तिष्ठावे लागावे, हे पुरेसे बोलके आहे.

साहजिकच चर्चा झाली ती कलास्वातंत्र्याची. परंतु त्या गदारोळात एक प्रश्न मागे पडला. चित्रपटातील सुगंधा रविवर्म्याच्या देवतांना आपले रूप देते आणि त्यापायी तिचे आयुष्य शोकांत होते. चित्रकाराच्या आयुष्याबाहेर तिला स्वतःचे असे जगच नाही. प्रेरणामूर्तीने प्रेरणा द्यावी आणि नाहीसे व्हावे, हा जुनाच संकेत येथेही पाळला गेला आहे.

वस्तुस्थिती याहून श्रीमंत होती. रविवर्म्याच्या काही चित्रांसाठी जिने बैठक दिली असे सांगितले जाते, ती अंजनीबाई मालपेकर ही कुणाची छाया नव्हती. गोमंतकीय कलावंत घराण्यातील या गायिकेने भेंडीबाजार घराण्याच्या उस्ताद नझीर खाँ यांच्याकडे खडतर तालीम घेतली. मैफली सोडल्यानंतर तिने विद्यादान केले. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनाही तिचे मार्गदर्शन लाभले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने तिला आपले सदस्यत्व देऊन गौरविले. रविवर्मा निवर्तला १९०६ साली. म्हणजे त्याच्यामागे अर्धशतक ती आपल्या कलेच्या बळावर उभी होती.

१८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्या शिळाछापखान्याने लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचविल्या. ज्यांना देवळाचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्यांच्याही भिंतीवर देव आला. हे कार्य लहान नव्हे. तथापि ज्या समाजाने देवघरातील त्या मुखाला हात जोडले, त्याच समाजाने चित्रकारापुढे बसणाऱ्या स्त्रीला प्रतिष्ठित घराच्या दिवाणखान्यात मानाने बसविले असते काय?

याचा दोष एकट्या चित्रकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. चित्राखाली चित्रकाराची सही असते; बैठक देणारीचे नाव लिहिण्याची रीतच नव्हती. निदान चित्रपटाने तरी ती उणीव भरून काढावयास हवी होती. शंभर वर्षांनंतरही कल्पित सुगंधेचे रडणे आपल्याला अधिक भावते आणि अंजनीबाईंची साधना पडद्यावर येत नाही, ही खंत केवळ दिग्दर्शकाची नाही. प्रेक्षक म्हणून ती आपलीही आहे.